खालच्या मजल्यावरचा टीव्ही

लिएपाया. पाचवा मजला. खिडकीच्या चौकटीला
मी पाडलेलं भोक नगरपालिकेला अजून माहीत नाही.
त्यातून केबल बाहेर पडते, छपरावर चढते,
तिथून तार निघते ती मागच्या लिंडनच्या झाडापर्यंत.
भोक लांबीने बुजवलंय, तरी समुद्रावरचा वारा
हिवाळ्यात नेमका माझ्या डाव्या मनगटावर येऊन बसतो.

टेबल मूळचं स्वयंपाकघरातलं.
आउस्मा म्हणाली, ने, पण उद्या यावर मासे कापू म्हणालास तर बघ.
ट्रान्सीव्हर जुना. सातच्या आकड्याची टोपी पेटत नाही,
म्हणून सात की एक
हे मला कानानेच ठरवावं लागतं.
वीजपुरवठ्याचा डबा गोदीतल्या भंगारातला,
बटाट्याच्या पोत्याएवढा जड,
पोटात माशी अडकल्यासारखा गुणगुणणारा.
ट्यूनरची तार सांडपाण्याच्या नळीवर मीच गुंडाळली,
बावीस वेढे. मोजताना एक चुकला.
तो अजून चुकलेलाच आहे, चालतंय.
हेडफोनच्या एका कानाला मोज्याचा तुकडा शिवलाय.
घड्याळ जगाच्या वेळेवर, आमच्यापेक्षा दोन तास मागे;
आउस्माची बहीण त्याच्याकडे बघते
आणि अजून लवकर आहे म्हणून पुन्हा बूड टेकते.

आणि ही मोर्सची कळ. पितळेची, खाली फरशीचा तुकडा,
नाहीतर टेबलभर पळते.
कळ दाबायची असते, आणि काढायचीही:
रात्री दोनला, साऱ्या खरखरीतून
कुणीतरी आपलं नाव उच्चारेपर्यंत.

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या जमिनीला टीव्ही होता.
चौथ्या मजल्यावरची स्काइद्रिते वर आली,
अंगात ओव्हरकोट, पायात घरातल्या सपाता:
"तुमच्यामुळे माझ्या बातम्यांना उचकी लागते."
खाली जाऊन पाहिलं, आउस्माला वर कळ दाबायला सांगून.
खरंच. टिंबाला निवेदिका दचकायची,
रेघेला तिचा जबडा
पार रीगापर्यंत लांबायचा.
मी माफी मागितली. फेराइटची दोन कडी आणली,
तिच्या टीव्हीच्या वायरीचे त्यातून सात वेढे घेतले.
उचकी थांबली. काकडीच्या लोणच्याची बरणी मिळाली.
प्रकरण मिटलं.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली. तोच कोट.
"ते काढा."
काय काढू?
"त्या बांगड्या. वायरीवरच्या."
पुन्हा त्रास होईल, मी म्हटलं. पडदा नाचेल. तुम्हीच तर —
"हवामान सांगणारी बाई आता फार सलग बोलते," ती म्हणाली.
मग जिन्याच्या कठड्याकडे बघत:
"आणि तुम्ही जागे आहात की नाही, ते कळत नाही."

हस्तक्षेप दूर कसा करायचा, यावर
माझ्याकडे तीन जाड पुस्तकं आहेत.
तो परत कसा आणायचा, यावर एकही पान नाही.
पण काम दोन मिनिटांचं होतं.
कडी आता माझ्या खणात आहेत, वितळतारेच्या रिळाशेजारी.

परवा अझोर्स बेटांवरचा एक म्हातारा लागला,
इतका पुसट, की त्याचं नाव मी तीनदा मागितलं.
एवारिश्तु. वारा, पाऊस, सात वॉट.
की एक वॉट, देव जाणे, इथे कानाचाही उपयोग नव्हता.
निरोप झाला. शेवटी रिवाजाप्रमाणे
त्याने दोन टिंबं टाकली. मी दोन टाकली.
हेडफोन काढले.

खाली, गरम पाण्याच्या नळावर,
बहुधा चमच्याने:
टक. टक.

वही उघडीच होती. मी लिहिलं:
वेळ, तारीख. वारंवारता — रिकामी सोडली.
आवाज पाच नऊ नऊ, शंभर टक्के स्पष्ट.
ठिकाण: चौथा मजला.
कार्ड पाठवायचं राहिलंय.
तिकीट लावायला नको, म्हणूनच बहुतेक
राहून जातंय.