दुरुस्ती अर्ज

अक्कलकोट नाक्यापाशी टेम्पोचा आरसा डोक्यामागं बसला
आणि राजमणी इराबत्ती पडली ती विडीच्या पाल्याच्या गठ्ठ्यावर,
म्हणून हाड मोडलं नाही.
पुढं हेच आडवं आलं.

सिव्हिलच्या कागदावर दोन ओळी:
मागील बाजूस खोक, चार टाके. क्ष-किरण निर्दोष.
निर्दोष.
जणू आरोपी तीच होती, आणि सुटली.

मी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टंकलेखनाला बसतो.
येमूल वकिलांचे अपघाताचे दावे माझ्याच हातून निघतात.
'इजेचं स्वरूप' या रकान्याशी आलो की थांबून विचारतो,
आणखी काय होतं, मावशी?

तिनं पदर नाकाशी नेला.
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मग मला समजावं म्हणून मराठीत:
"वासना गेली."
मी टाइप केलं: अर्जदाराची खाण्यावरची वासना उडाली आहे.
वकिलांनी ती ओळ खोडली.
भूक मेल्याचे पैसे कोण देतंय, म्हणाले.

त्याऐवजी विडी कारखान्याचं पासबुक जोडलं.
आधी रोज हजार, नंतर सातशे, साडेसहाशे,
छाट दुप्पट,
पंचविसाच्या कट्ट्यात कधी तेवीस, कधी सत्तावीस.
"आकडा तोंडात असतो, विडी बोटांत,
मध्येच दोघांची चुकामूक होते,"
असं ती म्हणाली, आणि हे वकिलांना आवडलं,
कारण हे मोजता येत होतं.

तारीख पडली. तारखेला तारीख लागत गेली.

एप्रिलमधली दुपार, पत्र्याला हात लावू नये अशी.
माझ्या टेबलाखालची वायर जळायला लागली.
रबराचा तो कडवट, घशात बसणारा वास.
पक्षकार उठले, शिपाई उठला,
झेरॉक्सवाला सलगर नाकाला रुमाल लावून मेन स्विचकडं पळाला,
फाटकाबाहेरच्या चहावाल्यानंसुद्धा मान वर केली.
आणि वायरीपासून वीतभरावर, पाय दुमडून,
मांडीवर सूप घेऊन राजमणी बसली होती
कात्रीनं पाला कापत,
सगळे का उठले म्हणून बघत.

मला तेव्हा कुठं लागलं.
सोलापुरात जन्म गेला, अर्धी गल्ली तेलुगू,
लग्नात त्यांच्या पंगतीला, मयतात त्यांच्या मागं,
आणि मला हा एक शब्द येत नव्हता.
त्यांच्यात वासना म्हणजे वास.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं तिचे डोळे बांधले.
कापूर.
हिंग.
रॉकेल.
"काही नाही," ती म्हणत राहिली,
कॉफीच्या वेळी घाबरून, "पाणी आहे का?"
डोकं मागून आदळलं की नाकाच्या मुळाशी
केसाहून बारीक तंतू तुटतात, डॉक्टर म्हणाला,
फोटोत येत नाहीत.
त्या रात्री मी दुरुस्ती अर्ज टाइप केला,
खोडलेली ओळ परत घेतली,
या वेळी एक अक्षर कमी.

उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील हसतच उठले.
"तंबाखूचा वास येत नाही म्हणजे, बाई, बरंच झालं की!"
मागच्या बाकावरही कुणी हसलं.
ती कठड्याला धरून उभी होती.
"चाळीस वर्षं तो वास अंगावर घेऊन घरी जाते, साहेब.
आधी एकदा साबण लावला की कळायचं, गेला म्हणून.
आता कळत नाही.
तीनदा लावते.
तरी नातीला लांबनंच हाक मारते."

पंखा फिरत होता.
न्यायाधीश म्हणाले, "लिहून घ्या, तिच्याच शब्दांत."
लघुलेखकाचा हात मात्र थांबलेला:
"लांबनंच, साहेब, की लांबूनच?"