वल्ह्याभोवती

हर्णै बंदरात आमचं मैदान
पंचांग बघून ठरायचं.
उधाणाला सुकती लांब जाते, तेव्हा अकरा-अकरा;
भांगाला आखूड, तेव्हा सात-सात.
कोपऱ्यांवर झेंडे कुठले?
मोडकी वल्ही रोवायचो वाळूत.

नव्वदचा जून. होड्या वर ओढलेल्या, शाकारलेल्या.
पावश्यांच्या पडवीत काळापांढरा टीव्ही,
अँटेना माडाला बांधलेला.
वारा हलला की पडद्यावर
एकेका खेळाडूचे तीन-तीन व्हायचे.

सगळी वाडी अर्जेंटिनाची.
जगज्जेत्यांच्या बाजूने बसायला
काय पैसे पडतात?
एकटा इसाक सारंग कॅमेरूनचा.
आगबोटीवर खलाशी होता तेव्हा
दुआलाच्या धक्क्यावर तांदूळ उतरेपर्यंत
सतरा दिवस अडकला होता.
तिथल्या पोरांनी त्याला बॅकला उभा केला
आणि त्याच्याच दोन पायांमधून
दर संध्याकाळी चेंडू नेला.
"मला विचारा," म्हणायचा, "ती काय चीज आहे."
कोणी विचारलं नाही.

त्यांचा एक गडी बाहेर काढला.
तरी कोणीतरी उडाला, माडावर चढल्यासारखा,
हवेतच थोडा थांबला,
आणि गोलकीपरच्या हातून चेंडू
ओल्या बोंबलासारखा सुटला.
मग आणखी एक बाहेर.
नऊ उरले.
वारा जोरात होता;
आम्हाला ते सत्तावीस दिसत होते.

इसाक ओरडला नाही.
विडी पायरीवर विझवली, म्हणाला,
"आता चहा टाका कोणीतरी."

त्यांचा सदरा हिरवा होता,
हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.
आमच्याकडे तो राखाडीच जिंकला.

पुढे त्यांच्यातला एक, चाळिशीला टेकलेला,
गोल मारून थेट कोपऱ्यात गेला
आणि झेंड्याशी कंबर हलवून नाचला,
जशी वरातीत एखाद्या काकाला
अचानक आपली कंबर आठवावी.
नंतर हरले. जादा वेळेत, दोन पेनल्टींवर.
त्या रात्री इसाक घरी गेला नाही,
होडीखाली जाऊन निजला.

चार वर्षांनी मात्र सांगत फिरला:
"पंगतीत आफ्रिकेची दोनच पानं मांडायचे.
आता तिसरं मांडलंय.
मागून नाही मिळालं.
जेवायला बसलेल्याला उठवता येईना, म्हणून."

आमचं म्हणाल तर
नारळी पुनवेनंतर दापोलीचं कॉलेज आलं,
आदल्या साली नऊ गोल घालून गेलेलं.
या खेपेला आम्ही तीन-दोन हरलो.
दुसरा गोल पांडू चोगल्याचा.
वल्ह्याभोवती असा नाचला
की वल्हं आडवं झालं, रेफरीची शिट्टी वाजली,
आणि भरतीने उरलेली पाच मिनिटं खाल्ली.
जाताना त्यांच्या सरांनी
पहिल्यांदाच आमची नावं विचारली,
वहीत लिहून घेतली. माझं चुकीचं लिहिलं.

आता मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो.
पांडू कुवेतला. इसाक कबरस्तानात,
जिथून बंदर दिसतं.

परवा सुकतीला मुलींची मॅच होती.
नफीसा मुकादमने डाव्या पायाने गोल घातला,
पळाली वल्ह्याकडे,
एक हात पोटावर, एक वर,
आणि कंबर.
मी विचारलं, हे कुठे शिकलीस?
"शिकायचं काय त्यात," ती म्हणाली,
"हर्णैला गोल झाला की असंच करतात."

सांगायला तोंड उघडलं होतं मी.
पाणी घोट्याला लागलं.
"काका, सरका,
कॉर्नर आहे."