पन्नास मीटर

अकराव्या रकान्यात विचारलंय:
न थांबता किती मीटर चालता?
वीसपेक्षा कमी, पन्नासपेक्षा कमी, दोनशे.
लागू असेल त्या चौकोनात खूण करा.

मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली,
दीड मीटरची, एका टोकाला उसवलेली,
आणि दारापासून चढाच्या रस्त्यानं
वाकून वाकून मोजत गेले,
भर दुपारी, कुत्रंही सावलीबाहेर नसताना.
एन्कार्नानं खिडकीतून विचारलं, काय हरवलं?
एवढं सगळं सांगण्याइतकं स्पॅनिश माझ्याकडे नाही.
म्हटलं, कानातलं.
मग तीही उतरली, चपला फटफटवत,
आणि आम्ही दोघी शोधत राहिलो
जे माझ्या दोन्ही कानांत होतं.

तेहतीस टेपा आणि वर थोडं.
पन्नास म्हणजे पावाच्या दुकानाची पायरी.
वीस म्हणजे नुसतं लिंबाचं झाड,
ज्याला टेकून इड्रिस उभा राहतो
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं
हा इंग्रज लिंबं मोजतोय.
(इंग्रज नाही, वेल्श. हे तो पूर्वी सांगायचा.
हल्ली शब्द जपून खर्च करतो.)

एकतीस वर्षं पोर्ट टॅल्बटच्या भट्टीपाशी.
दर आठवड्याला पगारातून कापलेले पैसे
ज्या चिठ्ठ्यांवर छापून यायचे
त्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात.
भीक नाही ही, मी म्हणते.
मग एवढी खाली मान घालून का लिहितेस, तो म्हणतो.

पत्रं येतात. जाड, पिवळट, सहा आठवडे उशिरा.
देश सोडल्याची तारीख कळवा.
परतण्याचा इरादा आहे का?
आधी आजार, की आधी स्थलांतर?
जसं काही त्या थरथरीनं
विमानतळावर शिक्का मारून घ्यायला हवा होता.

बेल्मोंते डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला, मनापासून.
अनुवादाचे पानाला पस्तीस युरो.
रुग्ण धीराचा आहे, त्यात होतं.
रोज संध्याकाळी चौकापर्यंत जातो. विनोद करतो.
सगळं खरं.
तेवढ्यावरच अर्ज नामंजूर.

चौकापर्यंत तो माझ्या खांद्यावरून जातो, बाई.
विनोद एकच आहे, पाद्री आणि गाढवाचा,
आणि शेवट आता मी सांगते.
उजवा हात तो खिशात घालून बसतो.
झाकली मूठ.
फक्त खिशातल्या किल्ल्या वाजत राहतात,
आणि शेजारच्या बाकावरची माणसं
उठायची वेळ झाली समजून उठतात.

आता फेरविचाराचा कागद.
तुमच्या सर्वांत वाईट दिवसाचं वर्णन करा.
रेघा दिल्यात आठ.

मी लिहिलं: मार्चमधला मंगळवार. न्हाणीघर.
कडी आतून. मी बाजारात गेलेले.
चाळीस मिनिटं तो फरशीवर,
नळ चालू, पाणी गार.
सुताराला बोलावून दार काढावं लागलं.
सुतारानं मान वळवून टॉवेल आत दिला.

वाच, तो म्हणाला.
मी वाचलं. आवाज सपाट ठेवून,
वीजबिल वाचावं तसं.
तो बराच वेळ लिंबाच्या झाडाकडे बघत होता,
जे इथून दिसत नाही.
मग म्हणाला, चाळीस नाही. पन्नास.
भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं मला.
आणि तो सुतार, त्याचं नाव लिही. एमेतेरिओ.

मी खोडलं, वर पन्नास लिहिलं.
खोडाखोड चालते की नाही, कुठेच लिहिलेलं नाही.

सहीला त्यानं मूठ बाहेर काढली.
पेन मी धरला नाही. कागद धरला,
दोन्ही हातांनी, टेबलावर दाबून,
सही त्यावरून बराच वेळ जात राहिली.

संध्याकाळी दार वाजलं. एन्कार्ना.
तळहातावर कानातलं, हिरव्या काचेचं,
कुणाचं तरी, कधीचं तरी,
मातीनं भरलेलं.
सापडलं म्हणाली, पावाच्या दुकानाच्या पायरीपाशी.
चेहरा इतका उजळलेला तिचा.

मी घेतलं.
म्हटलं, हो, हेच.