रंगाचे तीन हात

बॉयलरच्या खोलीत, थिनरच्या डब्यांमागे,
पोत्यात गुंडाळलेला तो अजून आहे.
दुसरीच्या वर्गातून मीच उतरवला होता.
चार स्क्रू. चौथा गंजलेला,
तेल सोडून वाट पाहावी लागली.
"कुठे टाकू?" विचारलं,
तर मुख्याध्यापक म्हणाले, "गेतान, तूच बघ."
निळ्या पेटीत कागद आणि काच,
तपकिरीत खरकटं,
काळीत उरलेलं सगळं.
देव कुठल्या पेटीत जातो
हे शिकूतिमीच्या नगरपालिकेने कळवलं नव्हतं.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.
माझी आई फ्लोरांस. अकरा बाळंतपणं.
दरवर्षी पाद्री यायचे, टोपी मांडीवर ठेवून बसायचे
आणि पाळण्याकडे बघून विचारायचे,
यंदा रिकामा कसा?
डॉक्टर नको म्हणाले होते.
बाराव्या खेपेला पाळणा रिकामाच राहिला, चूलही.
मी नऊ वर्षांचा.
शाळेत सिस्टर माझ्या डाव्या हातावर पट्टी मारायची,
डावा सैतानाचा म्हणून.

ते स्क्रू मी डाव्याच हाताने काढले.

मग भिंत रंगवली. एक हात, दोन हात, तीन.
तरी मार्चमध्ये
नदीवरच्या बर्फावरून उलटून ऊन आत येतं
तेव्हा फळ्याच्या वर दिसतोच:
पन्नास वर्षं जिथे धूळ बसली नाही
तेवढाच उजळ आकार.
कागदोपत्री भिंत कोरी आहे.

सिहाम आली ती कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर,
बदली म्हणून. डोक्यावर राखी कापड.
माझ्या पोटात गोळा आला. सिस्टर आठवली.
हात आपोआप खिशात गेला.

पहिल्याच आठवड्यात एलोईने विचारलं,
"मिस, तुम्हाला केस आहेत?"
"आहेत की. कानही आहेत, हळू बोल."
एलोई डावखुरा. त्याला कातरकाम जमेना,
तर तिने कुठूनशी आणली
डाव्या हाताची कात्री, हिरव्या मुठीची.
अशी कात्री असते
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

कायम नोकरीचा अर्ज आला तेव्हा त्यात एक ओळ होती.
सभागृहात लोक जमले.
एक बाई उठल्या, माझ्या आईच्या वयाच्या असत्या
आई जगती तर.
म्हणाल्या, "एका कापडाखालून आम्ही मुश्किलीने बाहेर आलो.
दुसरं आमच्या नातवंडांसमोर नको."
टाळ्या. त्यात माझ्याही होत्या.
सिहाम म्हणाली, "माझी मावशीही बाहेर आली,
ओरानमध्ये, जिवावर उदार होऊन.
मी हे घातलं ते तिच्याशी भांडून.
ती अजून बोलत नाही माझ्याशी."
मग थांबून, "म्हणून काय तिने मला नोकरीवरून काढायचं?"
कुणी टाळी वाजवली नाही. मीही नाही.
माझे हात मांडीवर होते. दोन्ही.

बाहेर व्हरांड्यात नाताळचं झाड उभं होतं.
"तो धर्म नाही, परंपरा," असं मुख्याध्यापक म्हणतात.
शेंड्यावरचा तारा दरवर्षी मीच बसवतो.

जूनमध्ये तिचे दोन खोके गाडीपर्यंत नेले.
परत येऊन ती वर्गात जरा उभी राहिली,
वर बघत म्हणाली, "ही भिंत रंग का धरत नाही?"
सांगता आलं असतं.
"जुनी आहे," एवढंच म्हणालो.

ऑगस्टमध्ये नव्या बाई आल्या. डोकं उघडं.
खडू उचलायला वाकल्या तेव्हा
गळ्यातली साखळी कॉलरबाहेर आली,
काय लोंबत होतं ते त्यांनी चटकन आत सारलं.
कुणी पाहिलं नाही.
मीही, विचाराल तर, पाहिलं नाही.

कात्री खणात आहे.
भिंत पुन्हा रंगवायचा हुकूम आहे, चौथा हात.
दुकानात पांढऱ्याचे बावीस प्रकार.
एकाचं नाव 'तटस्थ'.
उजेडात नेऊन पाहिला,
जरा पिवळ्याकडे झुकतो.