चिगुमिरा

पहिल्याच शनिवारी मी त्याचं आडनाव चुकवलं.
गु आणि मि यांची अदलाबदल.
एकतीस वर्षं या मैदानावर धावा लिहितेय मी,
डंकन, रिची, मॅकफी डोळे मिटून लिहीन.
आणि हा सोळा वर्षांचा लांबोडका पोरगा
खोपटाच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला,
"बाई, रबर आहे का?"

ॲबरडीनचा एप्रिल.
समुद्रावरून धुकं असं सरकत येतं
की सीमारेषेवरचा माणूस फक्त खोकल्यावरून ओळखायचा.
अनेसूचा पहिला चेंडू सीगलच्या दिशेनं गेला,
दुसरा वाइड.
तिसऱ्याचा नुसता आवाज आला.
मधली यष्टी गवतात आडवी
आणि स्लिपमधले आमचे म्हातारे एकमेकांकडे बघताहेत,
दूध उतू गेल्यावर बघतात तसे.

त्याची आई मेव्हिस. हरारेत भूगोल शिकवायची.
इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
लोक तिला विचारतात, तुमच्याकडे थंडी असते का हो?
माझ्या नवऱ्याला शेवटचे सात आठवडे
तिनंच भरवलं.
या नोंदीला वहीत रकाना नाही.

मग दिवस मोजणं आलं.
इथलं व्हायचं तर इथे राहून दाखवायचं, तीन वर्षं,
एकेक चोरटी धाव काढावी तसं.
आजोबा गेले तेव्हा त्याचा पासपोर्ट
ग्लासगोच्या कुठल्याशा खणात पडून होता.
त्या संध्याकाळी नेटमध्ये एकटाच होता तो.
रिकाम्या यष्ट्यांवर
अंधार पडेपर्यंत चेंडू टाकत राहिला,
आणि मी दिवा बंद करायला गेले नाही.

निळी टोपी मिळाली एकोणिसाव्या वर्षी.
राष्ट्रगीत मी शिकवलेलं, चहाच्या बंबाशेजारी उभं करून.
बाकीचे ओठ हलवत होते.
दुसरं कडवं संघात त्याला एकट्यालाच येत होतं.
चार षटकं, बावन्न धावा, बळी नाही.
वर्तमानपत्रानं छापलं: चिगमुरा.
मी पेननं दुरुस्त करून कात्रण चिकटवलं.

आणि मग पात्रता फेरीचा सामना, हरारेत.
मी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर वही उघडून,
मेव्हिस ड्यूटीच्या कपड्यांतच, बूट न काढता.
मैदानातल्या निवेदकानं नाव पुकारलं,
मि जरासा लांबवून, अगदी घरच्यासारखं.
रात्री फोनवर अनेसू म्हणाला,
"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं नाव नीट घेतलं, बाई,
आणि मी पाहुण्यांच्या संघात होतो."
मामा करड्या शर्टात आला होता,
मुद्दाम, कुठल्याच बाजूचा रंग नको म्हणून.
समोर फलंदाज शाळेतल्या बाकावरचा,
याच्या डब्यातलं चोरून खाणारा.
आत येणारा चेंडू, पायचीत.
अनेसूचा हात वर जायला निघाला
आणि मध्येच केसांतून फिरून खाली आला.
मेव्हिस काही बोलली नाही. उठून भांडी घासू लागली,
घासलेलीच.
कोण जिंकलं ते वहीत आहे, बघून घ्या.

चौदा सामने. एकोणीस बळी.
पाठीच्या मणक्यात केसाएवढी भेग.
डॉक्टर म्हणतात, बघू.
बघू म्हणजे किती महिने, ते कुणीच सांगत नाही.
बावीस वर्षांच्या माणसाला थांब म्हणणं सोपं असतं,
विशेषतः आपण साठीपुढचे असलो की.

आज तो माझ्या शेजारी बसलाय, पट्टा आवळून.
लाल पेन्सिल त्याची, काळी माझी.
माझ्याहून अक्षर चांगलं आहे, हे मी त्याला सांगणार नाही.
खालून नवा पोरगा धावत येतो गोलंदाजीला
आणि टेबलाखाली याची टाच
जमिनीवर पावलं मोजते:
सोळा, सतरा, अठरा.
मी सँडविचकडे बघते.
"नो-बॉल," तो पुटपुटतो.
मग पंचांचा हात आडवा होतो.