खाल्ल्या मिठाला

एप्रिल सरत आला तरी हॅनकॉकच्या उतारावर
काळपट बर्फाचे ढीग हलले नव्हते.
आर्विड निएमेलाने गाडी धुऊन ठेवली होती,
टायरांना पॉलिश, काचेवर पुठ्ठा:
पासष्टशे डॉलर. एकच मालक. गंज नाही.

गंज नाही, असं आमच्या भागात कुणी लिहू नये.
इथे नोव्हेंबरपासून रस्त्यांना मीठ घालतात
लोणच्याला घालावं तसं, हात न आखडता,
आणि गाड्या ते खातात.
खाल्ल्या मिठाला लोखंड जागतं, बाबा म्हणायचे.
जागतं, आणि रात्रभर स्वतःलाच कुरतडत बसतं.

बाबा गॅरेजवाले. मागे ठेवलं ते एवढंच:
एक छोटी हातोडी, आणि फ्रिजवरचा
ट्राउट माशाच्या आकाराचा लोहचुंबक.
मी मासा दारांच्या कडेने फिरवत नेला.
चिकटला, चिकटला, चिकटला,
मागच्या चाकाच्या कमानीवर मात्र
सुटून माझ्या बुटावर पडला.
पुट्टी. वर रंग. रंग जुळवलेला बरा.
आर्विड तेव्हा शेजाऱ्याच्या चिमणीकडे बघत होता.

मी शाळेची बस चालवते. लाज वाटत नाही मला घासाघिशीची.
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल,
तसली म्हैस मी एकदा घेतली आहे, लग्नाआधी, निळी.
पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

खाली हातोडीने विचारायचं असतं.
धड लोखंड लगेच उत्तर देतं: टण.
सडलेलं लोखंड फक्त ऐकून घेतं.
डावी बाजू टण, टण, टण.
उजवीकडे काळा डांबरी लेप,
इतका ताजा की बोटाला लागला.
मी तो नखाने खरवडत होते
तेवढ्यात बाजूला कुणाचे तरी गुडघे कडकडले,
आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस, चांगला स्वेटर घालून,
खडीवर उताणा होऊन आत सरकला.

“तिथे नाही,” म्हणाला. “इथे.”
हातोडी माझ्या हातातून घेतली,
मागच्या अॅक्सलच्या वर एकदाच ठोकली.
नाक आत गेलं तिचं.
तपकिरी पापुद्रे त्याच्या भुवयांवर पडले, त्याने पुसले नाहीत.

“सिल्वीला डुलुथच्या हॉस्पिटलात न्यायचो हिच्यातून.
दोन हिवाळे. परत आलो की तिला आधी घरात घ्यायचं,
मग औषधं, मग सूप.
गाडीचा तळ कोण धुणार.”

मी गप्प राहिले. अशा वेळी बोललं की किंमत हलते,
आणि कुणीकडे हलेल याचा नेम नसतो.
मनात मांडत गेले: वेल्डिंग चौदाशे,
ब्रेकच्या नळ्या तीनशे, कमान तशीच राहू दे.
इंजिन गुणी आहे. ते येतानाच ऐकलं होतं.

“साडेतीन हजार,” मी म्हटलं, गाडीखालूनच.
“चार. टायर मागच्या वर्षीचे आहेत.”
“छत्तीसशे. आणि आधी तो पुठ्ठा काढा.”
तो हसला, मग खोकला, मग म्हणाला,
“पुठ्ठा जावयाने लिहिलाय,”
आणि मला बाहेर निघायला हात दिला,
खरं तर मीच त्याला दिला.

नोटा त्याने मोजल्या नाहीत. मी मोजायला लावल्या.

घाटीवरून उतरताना गाडी डावीकडे किंचित ओढत होती,
तेवढं चालायचंच.
शेजारची सीट मागे पार झोपवलेली,
कुणी आडवं होऊन प्रवास करावा तशी.
थांबून खटका ओढला. हलेना.
वाकून पाहिलं तर रूळ गंजलेला, तिथे, आत,
जिथे रस्ता पोहोचत नाही.
बुटांना लागून आलेलं मीठ असेल.
उद्या तेल सोडून बघते.