कोरडं स्टॅम्पपॅड

बावीस वर्षं मी खिडकी नंबर चारला बसते,
कंपूच्या मेडिकल कॉलेजात, कागद तपासायला.
रँक मी देत नाही, सीट मी देत नाही.
मूळ प्रत आणि झेरॉक्स तेवढी
उलटसुलट करून बघते,
पोळी दोन्ही बाजूंनी बघावी तशी.

यादीत शाळेच्या नावाचा रकाना नाही.
पालकांना मी हे शपथेवर सांगते.
नंबर आंधळा असतो, म्हणते,
त्याला तुमची शाळा दिसत नाही.
आणि मग दिवसभर बघत राहते
नंबराच्या आधी काय काय पोचलंय ते:
लॅमिनेट केलेली फाईल,
कोट्याहून जाड होऊन आलेला चष्मा,
ते पोरगं, जे शाळेचं नावच सांगत नाही,
‘स्कूल’ एवढंच म्हणतं,
जसं काही ग्वाल्हेरात एकच आहे.
शेजारच्या खिडकीतले घोरपडे लगेच सरळ बसतात.
‘अच्छा, तिथले का!’ पाणी विचारतात.
पाण्याचाही रकाना यादीत नाही.

मी स्वतः तीनदा बसले होते पीएमटीला.
दाल बाजारामागची आमची शाळा.
फिजिक्सच्या बाई बदलून गेल्या त्या गेल्याच.
दोन वर्षं मीटरब्रिज कपाटात
आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये, मुरैन्याला.
तिसऱ्या वेळी सत्तावीस गुण कमी पडले.
मी ते कधी शोधले नाहीत.
बहुतेक कपाटातच असतील.

ऑक्टोबरातली शेवटची फेरी.
मोहिनी बाथम, चिनोरच्या पुढचं कुठलंसं गाव.
बाप बाहेर पायरीवर, नखं शिंगाड्यांनी काळी,
मांडीवर पिशवी,
द्यावी की परत न्यावी हे न कळणारी.
पोरीचं सगळं बरोबर. नंबर खणखणीत.
फक्त शाळेच्या दाखल्यावर
शिक्क्याच्या जागी काही नाही,
म्हणजे होतं काहीतरी,
ओलं बोट टेकून वाळल्यासारखं.

घोरपडे वाकून म्हणाले,
‘ही कुठली शाळा? कधी ऐकली नाही. परत पाठवा.’
नियमात आहेच, शिक्का स्पष्ट हवा.
पाचला पोर्टल बंद. चार वीस झाले होते.

शिक्का असा का गं?
‘पॅड वाळलंय, मॅडम. मागणी पाठवलीय दोनदा.
सर शिक्क्यावर तोंडाची वाफ देतात
आणि दाबतात.
माझ्या वेळी उभं राहून दाबला.’
हे शेवटचं तिनं
थोडं मान वर करून सांगितलं.

मी दाखला उचलला, उन्हात तिरपा धरला.
कागदात रुतलेली अक्षरं एकेक करून उठली:
शासकीय, मग हायस्कूल,
मग गावाचं नाव, अर्धंच,
सरांचा श्वास तिथपर्यंतच पुरला असेल.

‘स्पष्ट’पुढे मी बरोबरची खूण केली.
खोटी म्हणाल तर म्हणा. मला दिसलं होतं.
घोरपड्यांनी पाणी विचारलं नाही.
मी विचारलं. ती म्हणाली, बाबांना द्या.

पहिल्याच आठवड्यात, ॲनाटॉमीच्या हॉलमध्ये,
फॉर्मलीनच्या वासात कुणीतरी विचारेलच,
तू कुठल्या शाळेची?
तिथे माझी खिडकी नाही.

संध्याकाळी महाराज बाड्यावर उतरले,
जांभळ्या शाईचं पॅड घेतलं, मोठं, पंच्याऐंशी रुपये,
वर एक बाटली.
घरी शिंगाडे सोलून झाल्यावर
(हो, घेतले मी, पाव किलो, पैसे देऊन)
पाकिटावर लिहायला बसले:
हेडमास्तर,
शासकीय हायस्कूल,
आणि तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.
अर्धंच नाव येत होतं.
उद्या फाईल काढून बघायला हवं.